खोली मोठी दाखवणारी

फोटोवालीचा राग आधी तिच्या कानांवर चढायचा. कान लाल झाले की शेजारचे दुकानदार समजून जायचे, आज हिच्या वाटेला जायचं नाही. आणि ती अल्ट्रा वाइड लेन्स घेतल्यापासून तर कान उतरायचं नावच घेत नव्हते.

वीस वर्षं बाईने नुसते चेहरे काढले. पासपोर्टचे, ओळखपत्रांचे, परीक्षेच्या अर्जांचे. मग लोक मोबाइलवर स्वतःच स्वतःला काढायला लागले आणि हिच्यावर दुकानात माशा मारायची वेळ आली. घरं भाड्याने देणारा एक दलाल म्हणाला, खोल्यांचे फोटो काढा, काम भरपूर आहे, फक्त अख्खी खोली एका फोटोत मावेल अशी ही लेन्स लागेल. तिने घेतली, आणि मेलीने पहिल्याच दिवशी तिला तोंडघशी पाडलं. या लेन्सला नको ते सगळं दिसतं: ट्रायपॉडचा पाय, जमिनीवर ठेवलेली पर्स, फोटोवालीच्या स्वतःच्या चपला. कॅमेरा जरा वर केला की भिंती आत कोसळायच्या, जरा खाली केला की बाहेर फाकायच्या. फोटोच्या कडेला आलेल्या दलालाचं डोकं दुधीभोपळ्यासारखं लांब झालं होतं. दलाल भडकला, पण तेवढा एक फोटो तिने पुसला नाही.

हट्टी बाई. तीन महिने स्वतःच्या स्वयंपाकघराचे फोटो काढत बसली. शिकली. पाठ कोपऱ्यात घुसवायची, कॅमेरा कमरेएवढा आणि अगदी सपाट ठेवायचा, समोरची जमीन रिकामी ठेवायची. जवळचं फुगतं, लांबचं पळून जातं. दोन माणसं एका वेळी वळू शकत नाहीत असं तिचं स्वयंपाकघर फोटोत एखाद्या सभागृहासारखं दिसायला लागलं. तिची कॉलर तेव्हा ताठ झाली, हेही सांगायला हवं.

अशातच शिवणकारखान्याच्या मालकाचं बोलावणं आलं. तिथे तिची ताई अकरा वर्षं मशीनवर बसत होती. फोटो कशाला हवेत हे मालकाने सांगितलं नाही आणि हिने विचारलं नाही. ताई तिथेच खपते हे माहीत असून विचारलं नाही! सुट्टीच्या दिवशी गेली, कोपऱ्यात पाठ घुसवली आणि वर शहाणपणा करून मालकाला म्हणाली, "मशिनींची पुढची ओळ बाहेर सरकवा, जमीन मोकळी दिसू दे." फोटो झकास आला.

आठ दिवसांनी तोच फोटो ताईने तिच्या पुढ्यात आपटला. कारखान्यातल्या फळ्यावरून काढून आणला होता. खाली मालकाने लिहिलं होतं, 'ऐसपैस कार्यशाळा'. त्याला त्याच खोलीत आणखी आठ मशिनी घालायच्या होत्या आणि परवानगीसाठी हाच फोटो तपासणीच्या कार्यालयात गेला होता. तिथे आत्ताच खुर्चीला खुर्ची लागते. एकीला उठायचं तर मागचीने आधी उठायचं. मागच्या महिन्यात गरम इस्त्री पडली आणि सरकायला जागा नाही म्हणून एका बाईचा पाय भाजला.

"अकरा वर्षं मी त्या खोलीत पोट आत ओढून चालते," ताई म्हणाली. "आणि तू एका बटणात मला मोकळी केलीस."

त्यानंतर ताईने बोलणंच टाकलं. जवळजवळ तीन आठवडे असेच गेले, तेव्हा फोटोवाली मालकाकडे जाऊन भांडली, फोटो परत मागितला. तो हसला आणि म्हणाला, ओळ सरकवायची अक्कल तुमचीच ना बाई? तिच्या अंगाचा तिळपापड झाला, कारण मेला खरं बोलत होता. दुसऱ्या दिवशी काम ऐन भरात असताना ती तीच लेन्स घेऊन आत घुसली. मालक ओरडेपर्यंत तिने खुर्च्यांच्या पाठींना भिडून फोटो काढले. सगळे कोपर, गुडघे, मशिनी अंगावर आलेल्या, श्वास घ्यायला जागा नाही. त्यातला एक घेऊन ती तपासणीच्या कार्यालयात गेली. ताईही आली, पण दोन पावलं मागून.

तपासनिसाने दोन्ही फोटो शेजारी ठेवले. खोली एक, लेन्स एक, काढणारी एक. त्याने विचारलं, यातला खोटा कुठला?

पहिला, असं ती ठरवूनच आली होती. पण दुसऱ्या वेळी लेन्स खुर्चीपासून जेमतेम वीतभर अंतरावर होती, म्हणून सगळं इतकं अंगावर आलं, हे तिच्याशिवाय कोणाला ठाऊक?

"दोन्ही," ती म्हणाली. "पहिला जास्त. तुम्ही टेप घेऊन या आणि मोजा."

तो वैतागला. कारखाने शेकड्याने, माणसं चार, म्हणून तर फोटो मागवतो, म्हणाला. फोटो फसवा आहे असं काढणाऱ्यानेच लिहून दिलं तर मात्र त्याला जावंच लागलं असतं. पण तो कागद सगळ्या कार्यालयांत फिरतो, दलालांनाही कळतो, आणि मग हिच्या फोटोला कोणी हात लावणार नाही, हेही त्याने बजावलं.

तिचे कान तापले. एवढा जीव काढून शिकलेली विद्या! तिने कागद मागितला. कुठे उभी राहिले, कॅमेरा किती उंच होता, सगळं लिहिलं. मग लिहिलं, 'मालकाने पुढची ओळ सरकवली.'

ताई खांद्यामागून वाचत होती. तीन आठवड्यांनी ती पहिल्यांदा बोलली.

"कोणाच्या सांगण्यावरून, ते लिही."

फोटोवालीने ते वाक्य खोडलं. 'पुढची ओळ मी सरकवायला लावली,' असं लिहून खाली सही केली. तपासनिसाने कागद दोनदा वाचला आणि भेटीची वेळ टाकली, सोमवार सकाळची, सगळ्या मशिनी चालू असतात तेव्हाची.