बिस्किटाची ओटी

लग्नानंतर नवीन पनवेलला आले, तेव्हा आमच्या सोसायटीत एक बाई घरीच बेकिंगचा क्लास घ्यायच्या. शिकवायच्या छान, पण बोलताना समोरच्याला कुठे लागेल हे त्यांना बरोबर ठाऊक असायचं. मी उरणच्या कोळ्यांची मुलगी, हे त्यांनी पहिल्याच दिवशी विचारून घेतलं होतं.

डिसेंबरात जिंजरब्रेडची घरं करायची ठरलं. सुंठ-दालचिनीची कडक बिस्किटं भाजायची आणि साखरेच्या आयसिंगने भिंती जोडायच्या. "आपापल्याकडचं जुन्या पद्धतीचं घर करा," बाई म्हणाल्या. कुणी पुण्याचा वाडा घेतला, कुणी राजस्थानी हवेली. मी आईचं कौलारू घर घेतलं.

आईला फोनवर सगळं सांगत होते. ती म्हणाली, "ओटी रुंद ठेव गो. जालं पसरायला जागा नको?" म्हणून ओटी रुंद केली. बाटलीच्या झाकणाने एकेक कौल कापलं. भिंती वाळेपर्यंत त्यांना स्टीलच्या पेल्यांचा टेकू दिला आणि ओटीवर आयसिंगचं बारीक जाळं काढलं. छप्पर दोनदा घसरलं, तिसऱ्यांदा बसलं.

सोसायटीच्या हॉलमध्ये सगळी घरं मांडली तेव्हा आई मुद्दाम उरणहून आली. जरीकाठाची साडी, केसांत आबोलीची वेणी. बाईंनी माझ्या घरावर वाकून मोठ्ठा श्वास घेतला आणि आईकडे वळल्या.

"मावशी, तुमचंच घर ना हे? मग बोंबलांचा वास कसा नाही आला?"

हॉल हसला. आईसुद्धा हसली. "सुंठ घातलीय ना तिने," ती म्हणाली. त्यावर तर अजूनच हशा पिकला. कुणीतरी आईला 'पुन्हा म्हणा ना' म्हणत मोबाइल समोर धरला. आईने पुन्हा म्हटलं.

शेवटी एक घर फोडून मुलांना वाटायचं होतं. बाईंनी हवेलीकडे पाहिलं, वाड्याकडे पाहिलं. "ही नको, फार मेहनत आहे यांत," म्हणाल्या आणि फोडायला आणलेलं लाटणं माझ्या छपरावर घातलं. मी पुढे झाले, तर आईने माझं मनगट घट्ट पकडलं. मुलं तुटून पडली. कुणीतरी ओटीचा तुकडा आणून आईच्या हातात दिला. तिने तो खाल्ला.

एसटी स्टँडवर मी तिला विचारलं, "त्या तुला हसत होत्या. कळलं नाही तुला?"

"कळलं की. मी येडी हाय काय?" ती म्हणाली. "पन तुला त्यांच्यातच र्‍हायचाय. मी तोंड केला असता, तर तुलाच भोगाया लागला असता." मग उरणची गाडी लागली, तशी ती चढली. खिडकीतून हात नाही केला.

मी क्लास सोडला. पुढच्या डिसेंबरात सोसायटीच्या फळ्यावर बाईंच्या क्लासची जाहिरात लागली. 'पारंपरिक कोकणी घर शिका.' फोटो माझ्या घराचा होता, जाळ्यासकट.

मी जाऊन विचारलं. बाई दारातच उभ्या राहिल्या, आत ये म्हणाल्या नाहीत.

"तुझं घर? ते तर मुलांनी खाल्लं ना गं," म्हणाल्या आणि हसत दार लावून घेतलं.