लाल गाडीचं छोटं इंजिन

यांच्या शर्टाला ऑइलचा वास आला की मला अंबडचं ते गॅरेज आठवतं. यांनी हौसेनं दोन दारांची जुनी लाल स्पोर्ट कार घेतली होती, पण तिचं इंजिन कामातून गेलं होतं. मिस्त्री म्हणाला, "मोठं इंजिन टाकू, शेठ. गाडी उडेल, पण अ‍ॅव्हरेज विसरा. नाहीतर हे छोटं आहे. पेट्रोल कमी पितं, पण पळेल बेताचीच." यांची नजर मोठ्यावरून हलत नव्हती. मी मागे चहाचा ग्लास धरून उभी होते. मोठं टाकलं तर गाडी सणासुदीलाच बाहेर निघणार, हे मला कळत होतं, आणि चांदवडला माझी आई एकटी राहते. चारचौघांत मी कधी बोलत नाही, तरी तोंडून निघालंच, "छोट्यात दर रविवारी चांदवड परवडेल का?" मिस्त्री हसला, "वहिनी, स्पोर्ट कारचं अ‍ॅव्हरेज कोण विचारतं?" हे हसले नाहीत. "जिला गाडीत बसायचंय, ती विचारते," म्हणाले, "छोटंच टाक." आता हायवेवर कांद्याच्या पिकअपसुद्धा आम्हाला मागे टाकतात. यांना ते थोडं लागतं, पण मी काच खाली करून मजेत बसते.