राळेच्या ढलप्या

घरापुढं ‘विकणे आहे’ची पाटी लागली त्या दिवसापासून मंजूषाला घरात बसवेनासं झालं. नवरा शिरीष सकाळी बसनं आर्नहेम शहरातल्या ऑफिसला गेला, की ही मोज्यांवर मोजे चढवायची, छोटी कुऱ्हाड आणि जाड पिशवी घ्यायची आणि मागच्या दारानं थेट रानात. सिंकमध्ये भांडी तशीच, दोरीवरचे कपडे तसेच. एरवी ओटा पुसल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पाऊल न टाकणारी ही बाई.

पाइनचं ते रान शेजारच्या डच आजोबांच्या मालकीचं. चौदा वर्षांपूर्वी मंजूषा शिरीषच्या मागोमाग पुण्याहून नेदरलँड्सला आली आणि तीन वर्षांनी त्यांनी हे घर घेतलं, तेव्हा बैठकीतल्या लोखंडी शेगडीनं तिला अगदी रडकुंडीला आणलं होतं. लाकूड काही पेटायचं नाही. तिनं वर्तमानपत्रं जाळली, तुपात भिजवलेल्या वाती घातल्या, शेवटी देवघरातला कापूरही संपवला. धूर मात्र खिडकीतून बाहेर. तो बघून आजोबा आले, आणि तेही आधी फोन न करता, म्हणजे या देशात केवढी तातडी बघा. त्यांनी खिशातून बोटाएवढ्या दोन ढलप्या काढून शेगडीत ठेवल्या. एका काडीत त्या भडकल्या आणि वरचं ओलसर लाकूडही मुकाट जळायला लागलं.

मग त्यांनी तिला रानात नेऊन दाखवलं. पाइन कापल्यावर जमिनीत खुंट राहतो. दहा-पंधरा वर्षांत त्याची बाहेरची बाजू कुजून भुसा होते, पण आतला गाभा राळ पिऊन दगडासारखा होतो. लाथ मारली आणि खुंट हलला, तर सोडून द्यायचा. नाही हलला, तर कुजलेलं खरवडून काढायचं. आत नारिंगी, जड लाकूड लागलं आणि टर्पेंटाइनचा वास नाकात गेला, की समजायचं, सापडलं. पावसात भिजलं तरी ते पेटतं. काजळी फार धरतं, म्हणून एका वेळी दोनच ढलप्या. पुढं आजोबांचा खुबा दुखायला लागला आणि खुंट शोधायचं काम मंजूषाकडं आलं. अर्ध्या ढलप्या त्यांना, अर्ध्या आपल्याला. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली बाई या ओळखीत तिनं बरीच वर्षं काढली होती, पण गावात आता तिला शेगडीवाली म्हणून ओळखत. ते तिला मनापासून आवडायचं.

आणि आता शिरीषला रॉटरडॅमजवळच्या कापेल आन डेन आयसेलला चांगली नोकरी मिळाली होती. नवव्या मजल्यावरचा फ्लॅट, जमिनीखालून हीटिंग, खाली मराठी कुटुंबं. “चालेल ना गं तुला?” त्यानं विचारलं, तेव्हा तो इतका खुशीत होता, की तिनं मान डोलावली. पुन्हा विचारलं तेव्हाही डोलावली. नाही म्हणायचं तिच्या मनात होतं, पण तोंडातून ब्र निघाला नाही. दोन महिने घर कुणाला पसंत पडेना. शिरीष रोज आकडेमोड करायचा आणि मंजूषाचा जीव भांड्यात पडायचा.

घर दाखवताना मालकांनी घरात थांबायचं नाही, असा एजंटबाईंचा दंडक होता. त्या गुरुवारी मात्र कुणी घर बघायला येत असल्याचा त्यांचा मेसेज आला तो स्वयंपाकघरात विसरलेल्या फोनवर. मंजूषा भरलेली पिशवी घेऊन परतली, तर दारात एक तरुण जोडपं, कडेवर तान्हं बाळ, वर गारांचा पाऊस, आणि एजंटबाई कुठंतरी ट्रॅफिकमध्ये. आता यांना बाहेर उभं ठेवायचं? तिच्या आईनं मीटर बघायला आलेल्या माणसालाही कधी पाण्याशिवाय जाऊ दिलं नव्हतं. मंजूषानं दार उघडलं, दोन ढलप्या टाकून शेगडी पेटवली, बाळाला उबेला ठेवलं. आल्याचा चहा झाला. चहाबरोबर नुसती बिस्किटं कशी द्यायची, म्हणून शिराही झाला, वर बेदाणे घालून.

शिरा ढवळता ढवळता तिला एकदम आठवलं, की ही माणसं घर घ्यायला आलीत. मग तिनं मुद्दाम वरच्या खोलीतली ओल आलेली भिंत दाखवली, धुराडं वर्षातून दोनदा साफ करावं लागतं, तेही सांगितलं. व्हायचं ते उलटंच झालं. एवढा प्रामाणिकपणा त्यांनी कुठं पाहिला नव्हता म्हणे. बाळ शेगडीपुढं झोपून गेलं होतं. दुसऱ्या दिवशी सांगितलेल्या किमतीच्या वर देकार आला.

“तूच विकलंस घर,” शिरीष कौतुकानं म्हणाला. मंजूषा हसली आणि न्हाणीघरात जाऊन रडली. आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला होता, तोही साजूक तुपातला.

सह्यांना चार दिवस होते. त्या चार दिवसांत तिनं अकरा खुंट फोडले. लाकडांची शेड शिगोशीग भरली, तरी पाय घरात ठरेनात. कुणासाठी जमवतेय हे सगळं, असं स्वतःलाच विचारायची आणि पुन्हा निघायची.

मंगळवारी दुपारी चौघं आर्नहेममध्ये एजंटबाईंच्या टेबलाशी बसली. बाईंनी करार वाचून दाखवला आणि रीतीप्रमाणे एकेकाला विचारलं: तुम्हाला हे घर विकायचंय ना? शिरीष हो म्हणाला. मग त्या मंजूषाकडं वळल्या आणि पेन पुढं करून थांबल्या. त्यांना नुसती मान पुरणार नव्हती.

“नाही,” मंजूषा डचमध्ये म्हणाली. “मला विकायचं नाही.”

तिनं त्या जोडप्याची माफी मागितली. त्या तरुणीचे डोळे भरून आले, तिचा नवरा हातही न मिळवता उठून गेला. मंजूषाला लाज वाटली, फार वाटली. पण पेन तिनं उचललं नाही.

शिरीषनं बसस्टॉपवर जाऊन वेळापत्रक बघितलं. मग म्हणाला, “मी तुला विचारलं होतं, मंजू. दोनदा.”

“हो. आणि मी दोन्हीदा खोटं सांगितलं. तुझा काही दोष नाही.”

“मग कापेलला मी एकटाच जाऊ?”

नाही म्हटलं की सगळी घालमेल संपेल, असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. बस आली. ती खिडकीशी बसली, तो शेजारी. आर्नहेमची शेवटची घरं मागं पडली तेव्हा त्यानं तिच्याकडं न बघताच विचारलं, “तुला नक्की काय हवंय? या वेळी खरं सांग.”

ती बोलायला लागली. पहिल्या हिवाळ्यापासून सुरुवात केली तिनं. त्यांचा स्टॉप आला आणि गेला, दोघंही उठली नाहीत.