बिनकव्हरचा ग्राइंडर

वेल्डिंगच्या दुकानातले किस्से कुणी गोळा करत नाही, ते आपोआप साचतात. लोखंडाचा चुरा रोज झाडला तरी कोपऱ्यात उरतोच, तसे. आम्ही जुने लोक लग्नाकार्यात भेटलो की पहिला चहा संपायच्या आत कुणीतरी म्हणतंच, "ए, तो ग्राइंडर आठवतो का?" मग हसणं सुरू होतं. आणि दरवेळी एकाच जागी येऊन थांबतं.

हिंगोली जिल्हा झाला, त्याच्या आगेमागेची वर्षं. वारंगा फाट्यावर गफूरचाचांचं दुकान होतं. ट्रॉल्या, गेट, खिडक्यांच्या जाळ्या, सगळं करायचो. मालक चाचा, उस्तादही चाचाच. कारागीर दोघं : मी, आणि जवळच्या तांड्यावरचा किसन.

*

ग्राइंडर म्हणजे हातात धरून लोखंड घासायचं मशीन. त्याच्या फिरत्या चक्तीला अर्धगोल लोखंडी कव्हर असतं. चक्ती फुटलीच तर तुकडे अंगावर येऊ नयेत म्हणून. आमचं कव्हर खिळ्याला टांगलेलं, कारण कोपऱ्यातलं काम करताना ते आड येतं! दसऱ्याला मात्र किसन ते उतरवायचा, घासूनपुसून मशीनला बसवायचा. हळद-कुंकू, झेंडूचा हार, सगळं साग्रसंगीत. दुसऱ्या दिवशी कव्हर पुन्हा खिळ्याला.

एका दसऱ्याला शिरड शहापूरचे एक गुरुजी आले होते. म्हणाले, "आज बसवलं, मग रोज काहून न्हाई बसवत?"

किसन म्हणाला, "गुरुजी, आज मशीन चालवायचं नसतं ना!"

*

लाईटचा भरवसा नव्हताच. काम चालू असताना गेली की मशीन तसंच खाली ठेवून आम्ही चहाला. बटन चालूच! एकदा तिघं बाकड्यावर बसलो होतो. लाईट आली आणि ग्राइंडर फरशीवरून घरघरत थेट चाचांच्या चपलेवर गेला. नशीब, चाचा मांडी घालून बसले होते.

चपलेचे तुकडे हातात घेऊन चाचा ओरडले, "आजपासून लाईट गेली की आधी बटन बंद, मग शिव्या!"

आठवडाभर पाळलं. मग नुसत्या शिव्या राहिल्या.

*

गॉगल एकच होता. तो चाचा मोटारसायकलवर घालायचे, जवळा बाजारला जाताना. मी एकदा म्हणालो, "चाचा, इथं ठिणग्या उडून राहिल्या, गॉगल इथं पाहिजे."

"रस्त्यावर डोळे मिटता येत न्हाई रे. इथं येतात!"

डोळ्यात कण गेला की समोरच्या रेडिओवाल्याकडे पळायचं. तो जुन्या स्पीकरचा लोहचुंबक डोळ्याजवळ धरायचा आणि विचारायचा, "गाणं कोणतं लावू?" आम्ही लाल डोळ्यांनी हसत परत यायचो. आज आठवलं की स्वतःच्याच कानाखाली द्यावीशी वाटते.

*

त्या दिवशी लहान चक्त्या संपल्या होत्या आणि ट्रॉली दुपारपर्यंत द्यायची होती. चाचांनी मोठ्या मशीनची चक्ती काढून किसनच्या हातात दिली. लहान मशीन फार जोरात फिरतं, मोठ्या चक्तीला तो वेग सोसत नाही. आम्हाला हे माहीत नव्हतं असं नाही.

किसनने लावून पाहिली. "चाचा, बसते खरी."

"बसते ना? मग चालव."

कव्हर नव्हतंच, म्हणून तर बसली.

फटाका फुटावा तसा आवाज झाला. किसन मटकन खाली बसला, हात डाव्या डोळ्यावर, बोटांतून रक्त. मला म्हणाला, "सुऱ्या, आधी बटन बंद कर."

जीपमधून नांदेडला नेलं. किसनची बायको येईल त्या डॉक्टरला एकच विचारत होती, "दुसरा तरी ऱ्हाईल ना?" दुसरा राहिला. डावा गेला. चाचा दवाखान्याच्या पायरीवर बसून हमसून हमसून रडले. मीही रडलो. ती चक्ती मीही पाहिली होती, आणि गप्प बसलो होतो.

*

चार महिन्यांनी किसन परत आला. तांड्यावर करमत नाही म्हणाला. तोवर दुकानात तीन गॉगल आले होते, आणि कव्हर चाचांनी असं आवळून बसवलं होतं की कुणाच्या बापाला निघालं नसतं. किसनला त्यांनी गेटांच्या रंगाचं काम दिलं.

चाचा त्याच्याशी बोलायचे, पण नेहमी त्याच्या डाव्या हाताला उभे राहून. चहासुद्धा डावीकडूनच पुढे करायचे. किसनला पुरती मान वळवावी लागायची.

एकदा ब्रश डब्यावर ठेवून तो म्हणाला, "चाचा, सारखे त्याच बाजूला काहून उभे राहता? इकडून या ना. तिकडून तुमी मला दिसून न्हाई राहिले."

चाचा जागचे हलले नाहीत. म्हणाले, "म्हणून तर रे, किसन."