काका आले की

शेजारचे काका रोज संध्याकाळी गुडघे चोळत यायचे. "काय रे, बरो आसस मा?" वडीलधारा माणूस, म्हणून आजारपणात दिवसभर पडून असलेला मी अंथरुणावर उठून बसायचो आणि डोकं ठणकायला लागायचं. ते गेल्यावर आडवा झालो की थांबायचं.

परळच्या डॉक्टरांना मी छातीठोकपणे सांगितलं, "काका आले की डोकं दुखतं."

"ते आले की तुम्ही काय करता?"

"उठून बसतो."

डॉक्टर हसले. मणक्याभोवतीचं पाणी गळत होतं, म्हणून उठलं की दुखायचं. माझ्याच दंडातलं रक्त पाठीत टोचून त्यांनी गळती बंद केली आणि पडून राहायला सांगितलं.

संध्याकाळी काका आले. मी सवयीने उठू लागलो. "उठा नको!" म्हणत तेच माझ्या शेजारी लादीवर आडवे झाले आणि छताकडे बघत तासभर बोलले.

त्यांना उठवायला शेवटी दोन शेजारी बोलवावे लागले. तक्रारदार मी मात्र आरामात पडून होतो.