फुलाबाईंच्या कानातलं बोलणं

पालीत राजगडाच्या पायथ्याशी मंगल आपल्या पडवीत कॉम्प्युटरचं केंद्र चालवते. शेजारच्या फुलाबाईंना ऐकू कमी येतं, म्हणून त्यांच्या लेकीनं, रत्नानं, नाशिकहून बिनतारी कानयंत्र पाठवलं. ते कॉम्प्युटरला जोडलं की कॉलवरचा आवाज थेट त्यांच्या कानात येणार होता.

मंगलनं फुलाबाईंना पडद्यासमोर बसवून रत्नाला व्हिडिओ कॉल लावला आणि गडबडीत जवळच्या बिनतारी यंत्रांच्या यादीतलं पहिलंच नाव निवडलं. रत्ना दिसली खरी, पण तिचा आवाज घुमला तो अंगणात, गडावरून उतरून चहा पीत बसलेल्या पोरांच्या स्पीकरमधून. "आई, मला दिवस गेलेत! इतक्यात कुणाला सांगू नकोस."

पोरांनी ओशाळून स्पीकर बंद केला. फुलाबाईंना तेवढं काहीच ऐकू आलं नव्हतं.

"काय म्हनली गं ती?" त्यांनी विचारलं.

मंगलच्या ओठावर आलं होतं, पण तिनं गिळलं. "तीच सांगंल तुमाला, मावशी. माजंच चुकलं, थांबा वाईच."

तिनं तो परका स्पीकर यादीतून काढून टाकला. कानयंत्राच्या डबीवरचं नाव वाचलं, पडद्यावरच्या नावाशी ताडून पाहिलं आणि मगच ते जोडलं. रत्नाला म्हणाली, "ताई, आता पुन्यांदा सांगा." आणि स्वतः बाहेर जाऊन उभी राहिली.

दारातून तिला फक्त फुलाबाईंचा चेहरा दिसत होता. म्हातारीनं कानावर हात धरला, डोळे मोठे केले आणि पडद्यावरच्या लेकीच्या गालावरून बोटं फिरवली.

"व्हय गं बाय," त्या म्हणाल्या, "लई सपष्ट आलं."