‘नकोस’ उशिरा पोचतं

माझ्या मामेबहिणीला कॉलेजात सगळे सुसाट म्हणायचे. रिलेत ती तिसरी धावायची. बॅटन पुढे देताना ओरडायचा शब्द ठरलेला होता: ‘घे!’ सरावात तो तिने हजारदा तरी ओरडला असेल. फायनलला त्यांचं कॉलेज चक्क पुढे होतं. शेवटची धावणारी, दोन वर्षांनी सीनियर ताई, हात मागे करून सुटली आणि ऐन वेळी सुसाटच्या तोंडून बाहेर पडलं, "ताई, घेता का?"

ताईने वळून विचारलं, "काय?"

तेवढ्यात बॅटन द्यायची हद्द संपली. संघ बाद.

"शर्यत होती की पाहुणचार?" कॉलेजच्या सरांनी कपाळावर हात मारला. सुसाट ढसाढसा रडली, रडता रडता मध्येच तिला हसू फुटलं, आणि मग एक प्रश्न मानगुटीवर बसला: हजारदा घोटलेला शब्द त्या क्षणी गेला कुठे? त्या प्रश्नाच्या मागे धावत ती थेट मानसशास्त्राच्या वर्गात पोचली.

मामा वायरमन. ते म्हणाले, "खेळाडूंच्या मनाचं शिक्षण? म्हणजे नेमकं करणार काय?"

"बाबा, बल्ब चांगला, वायर चांगली, तरी दिवा फडफडतो. तेव्हा तुम्ही काय बघता?"

"लूज कनेक्शन."

"मी तेच बघणार!"

त्या दिवसापासून मामा भेटेल त्याला सांगत सुटले, "आमची मुलगीही वायरिंगमध्येच आहे."

शिक्षण संपल्यावर एका क्रीडा संकुलाने तिला तीन महिन्यांच्या बोलीवर खोली दिली. खोली कसली, व्यायामाच्या गाद्या ठेवायची अडगळ. त्या मुदतीत कुणी खेळाडू आला नाही, तर गाद्या पुन्हा आत आणि सुसाट बाहेर. दारावर ‘क्रीडा मानसशास्त्रज्ञ’ अशी पाटी लागली आणि लोक त्या बाजूने फिरकेनासेच झाले. डोक्याची डॉक्टर! आत जाताना कुणी पाहिलं तर? दोन महिन्यांत आले फक्त दोघं: पंखा दुरुस्त करायला मामा, आणि झाडू विसरलेल्या सफाईवाल्या मावशी.

मग एक दिवस गोळाफेक करणारी एक मुलगी आली; तिला सगळे पहाड म्हणायचे. "गादी न्यायला आलेय," म्हणाली, दार लावलं आणि तासभर बोलली. सरावात तिचा गोळा झकास जायचा. स्पर्धेत मात्र गोळा सुटला रे सुटला की पाय वर्तुळाबाहेर, आणि लाल झेंडा, म्हणजे फेक बाद. तीन आठवड्यांवर निवड चाचणी होती.

सुसाट चार दिवस मैदानाच्या कडेला वही घेऊन बसली. पहाडचे प्रशिक्षक गप्प असले की पाय आत. फेक मोजायची असली की ते ओरडायचे, आणि पाय बाहेर! पाचव्या दिवशी ती जवळजवळ उड्या मारतच त्यांच्याकडे गेली.

"सर, तुम्ही काय ओरडता?"

"‘बाहेर जाऊ नकोस!’ वीस वर्षं हेच ओरडतोय."

"अहो, त्यात ‘नकोस’ शेवटी येतं! ते पोचेपर्यंत ही बाहेर गेलेली असते."

"मग आता व्याकरण बदलू?"

"नुसतं ‘आत!’ म्हणा."

निवडीच्या दिवशी तीन संधी होत्या. पहिल्या दोन्ही वेळा सरांच्या तोंडून सवयीने जुनंच निघालं. दोन लाल झेंडे.

"सर, एकच शब्द!" सुसाट त्यांचा शर्ट ओढत म्हणाली.

"अगं, जुनंच जिभेवर बसलंय!"

तिसरी फेक. गोळा सुटला. सरांनी "बा..." पर्यंत मजल मारली, उरलेलं गिळलं आणि किंचाळले, "आत! आत! अगं बाई, आत!" अख्खी गॅलरी हसली. पहाडलाही हसू आलं. ती एका पायावर डुलली, पंख्यासारखे हात फिरवले, आणि राहिली! पांढरा झेंडा! निवड यादीत तिचं नाव अगदी शेवटचं होतं, पण होतं. सुसाटने सरांना, सरांनी शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारली.

मुदत संपायला चार दिवस उरले असताना संकुलाचे व्यवस्थापक खोलीचा निकाल लावायला आले. दार ढकललं, तर समोर खुर्चीत प्रशिक्षक.

"सर, तुम्ही इथे?"

"चाचणीच्या दिवशी माझी जीभ ताब्यात राहत नाही, त्याचं बघतेय ती. दार लावा हो. माझी वीस मिनिटं बाकी आहेत."